खून करायला सुट्टे पैसे लागतात

डॉ. दिग्विजय राजाध्यक्ष यांचा बुद्ध्यांक 180 होता. तसं मी पहिल्याच पानावर लिहून टाकलं होतं, म्हणजे पुढे वाद नको. शिवाय ते काळी कॉफी पीत, स्वतःशीच बुद्धिबळ खेळत, तिन्हीसांजेला मारवा ऐकत आणि कुणी काही विचारलं की उत्तराआधी मंद हसत. इतकं सगळं केल्यावर हा माणूस हुशार नाही असं म्हणायची कुणाची छाती होईल?

दिवाळी अंकाच्या संपादकबाईंची झाली. जुलै महिन्यात कथा साभार परत आली. समासात बारीक अक्षरात, पेन्सिलीने एवढंच लिहिलं होतं : 'हे हुशार आहेत असं तुम्ही म्हणता. त्यांना ठाऊक आहे का?'

मी तिरीमिरीतच फोन लावला. म्हटलं, बाई, हीच तक्रार तुम्ही आर्थर कॉनन डॉयलकडे केली असती का? मोरियार्टी हा गुन्हेगारांचा बादशहा आहे हे आपल्याला कसं कळतं? होम्स सांगतो म्हणून. डॉयलना होम्सचा वीट आला होता. त्याला संपवायला तोलामोलाचा माणूस हवा, म्हणून 1893 मध्ये त्यांनी गणिताचा एक प्राध्यापक घाईघाईने उभा केला आणि दोघांना स्वित्झर्लंडच्या धबधब्यावर पाठवून दिलं. या प्राध्यापकाने नेमके कोणते गुन्हे केले आणि कसे केले, हे त्या कथेतून शोधून दाखवा. तरी सव्वाशेहून अधिक वर्षं जग त्याला वचकून आहे!

बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "होम्स म्हणतो म्हणून आम्ही मानतो. तुमच्या गोष्टीत कोण म्हणतंय? इन्स्पेक्टर. आणि त्या इन्स्पेक्टरला तुम्ही आठव्या पानापर्यंत प्रेतसुद्धा सापडू दिलेलं नाही. त्याच्या प्रशस्तिपत्रकाला किंमत काय?"

यावर बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. फोन ठेवला.

वास्तविक माझं शिक्षण बाबूराव अर्नाळकरांच्या शाळेतलं. भूगोलाच्या पुस्तकात झुंजार आणि काळा पहाड लपवून वाचणाऱ्या पिढीतला मी. अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. मला वर्षाला एक लिहिताना धाप लागते. त्यातही परत आलेल्या कथेच्या पहिल्या खर्ड्यात मी राजाध्यक्षांना जुळा भाऊ दिला होता. मग कळलं की रोनाल्ड नॉक्स नावाच्या एका ब्रिटिश धर्मगुरूने 1929 मध्येच रहस्यकथेसाठी दहा आज्ञा काढल्या आणि वाचकाला आधी कल्पना दिल्याशिवाय जुळे भाऊ आणायचे नाहीत, असं त्यांत बजावून ठेवलंय. गुन्हेगार गोष्टीत लवकर भेटला पाहिजे, हीसुद्धा त्यांचीच आज्ञा. मी जुळ्याला काढून टाकलं आणि राजाध्यक्षांना पहिल्या पानावर आणलं. दोन्ही आज्ञा पाळल्या. तरी ही दशा.

खरं तर लबाड माणसं मी पुष्कळ पाहिलेली आहेत. बँकेच्या कर्ज विभागात आयुष्य गेलं. खोटी पगारपत्रकं, खोटे सातबारे, हयात नसलेले जामीनदार, सगळ्यांवर मी हसतमुखाने सह्या केल्या आहेत. आमच्या शाखेला ज्याने सगळ्यात मोठी टोपी घातली, तो गृहस्थ काळी कॉफी पीत नसे. दर संकष्टीला सगळ्या स्टाफसाठी मोदक आणायचा आणि शिपायाच्या मुलीच्या दहावीच्या मार्कांची आठवणीने चौकशी करायचा. तो पसार झाल्यावरसुद्धा आमचे दोन क्लार्क त्याची बाजू घेऊन भांडत होते. पण लिहायला बसलो की हा माणूस मला आठवत नसे. आठवायचे ते मंद हसणारेच.

कथा बायकोला वाचायला दिली. तिने पहिला प्रश्न विचारला, "यांच्याकडे धुण्याभांड्याला कोण येतं?"

म्हटलं, "तो एकलकोंडा प्रज्ञावंत आहे."

"असू दे. बंगल्यात राहतो ना? मग लादी कोण पुसतं?"

तेवढ्यात आमच्या मावशी केरसुणी घेऊन तिथेच उभ्या राहिल्या. त्यांना गोष्ट थोडक्यात सांगण्यात आली. पाहुण्याला कॉफीतून विष, मग कप धुऊन जागेवर. मावशी म्हणाल्या, "एकटा माणूस. सकाळी मोरीत दोन कप दिसले तर मला कळणारच, कुणी येऊन गेलं म्हणून. आणि त्यानं कप स्वतः घासून ठेवला असला, तर आणखीनच कळणार. कधी घासतात का?"

एकशे ऐंशीचा बुद्ध्यांक मोरीपाशी आडवा झाला.

विषाच्या बाबतीतही माझी पंचाईत होती. अगाथा ख्रिस्ती पहिल्या महायुद्धाच्या काळात दवाखान्यातल्या औषधशाळेत काम करत होत्या. 1920 मध्ये त्यांची पहिली कादंबरी आली, ती विषाचं गणित बिनचूक मांडूनच. माझा औषधांशी संबंध पाचक चूर्णापुरता. तरी अभ्यास हवा म्हणून कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे गेलो आणि आवाज खाली आणून विचारलं, "पटकन लक्षात येणार नाही असं एखादं विष असतं का हो?"

"उंदराला हवंय की झुरळांना?"

"जरा मोठा आहे."

"मग घूस असेल," तो म्हणाला आणि पिंजऱ्याचा भाव सांगितला. संध्याकाळपर्यंत ही बातमी आमच्या घरी पोहोचली. त्यानंतर काही दिवस बायकोने चहा माझ्या हातून घेतला नाही. बाकी वागणं नेहमीसारखंच होतं.

तेव्हा ठरवलं, राजाध्यक्षांची योजना स्वतः करून पाहायची. खून वगळून. त्यांचा बेत असा होता : फोन घरी चालू ठेवायचा म्हणजे मोबाइल टॉवरच्या लेखी माणूस डोंबिवलीत. टीव्ही मोठ्याने लावायचा म्हणजे शेजाऱ्यांच्या लेखीही घरीच. गाडी न्यायची नाही, कारण एक्स्प्रेस-वेवर टोल फास्टॅगने कापला जातो आणि त्याची नोंद बँकेत राहते. त्याऐवजी लोकलने कर्जत. तिथे पुण्याकडच्या गाड्या घाट चढण्यासाठी मागे जादा इंजिनं लावून घ्यायला थांबतात. त्यातल्या एकीत चढून लोणावळा. काम उरकून तसंच परत. चार भिंतींच्या आत बसून लिहिलं तेव्हा यात एकही फट दिसली नव्हती.

बायको बहिणीकडे ठाण्याला गेली त्या दिवशी मी टीव्ही लावला, फोन टेबलावर ठेवला आणि छत्री घेऊन जिन्याने उतरलो. लिफ्टमध्ये कॅमेरा आहे ना.

पहिली फट डोंबिवली स्टेशनच्या तिकीट खिडकीवर सापडली. आजकाल माझं तिकीट फोनमध्ये, पैसे फोनमध्ये, घड्याळसुद्धा फोनमध्येच. खिशात एक पाचशेची नोट होती. आतला माणूस म्हणाला, "सुट्टे द्या." मी म्हटलं, नाहीत. "मग स्कॅन करा." म्हटलं, फोन नाही. यावर पूर्ण रांग वळून माझ्याकडे बघू लागली. मागचा एक जण कळवळून म्हणाला, "काका, मी तिकीट काढतो, तुम्ही मला जीपे करा."

"अहो, फोनच नाही."

"चोरीला गेला का? तक्रार केलीत?"

"घरी राहिलाय."

"मग जाऊन घेऊन या की!"

गुन्हेगाराने गर्दीत मिसळून जावं म्हणतात. आजच्या काळात सुट्टे नसलेला आणि फोन नसलेला माणूस जितका लक्षात राहतो, तितका हातात कोयता घेतलेलाही राहत नसेल. शेवटी कॉलेजात जाणाऱ्या एका मुलीने माझं तिकीट काढलं आणि "राहू दे, काका" म्हणून निघून गेली. माझ्याविरुद्धची पहिली साक्षीदार, आणि तिच्या उपकाराखाली मी.

कर्जतला धो धो पाऊस होता. फलाटावर वड्यांचा घमघमाट सुटलेला. नोट मोडायची म्हणून एक वडा मागितला. विक्रेत्याने नोट उलटसुलट करून बघितली आणि म्हणाला, "एका वड्याला पाचशे कुठून मोडू? जास्त घ्या, मग देतो." मी जास्त घेतले. बरेच जास्त. ते पुडकं सावरतोय, एवढ्यात पाठीवर थाप पडली. "साहेब! तुम्ही इकडे?"

आमच्या शाखेतले निवृत्त कॅशियर. त्यांचं नेरळकडे कुठेसं शेतघर आहे. राजाध्यक्ष असते तर त्यांनी मंद हसून ओळख नाकारली असती. मी वडा पुढे केला. त्यांनी तो खाल्ला, माझ्या खांद्यावर हात टाकून सेल्फी काढला आणि निवृत्तांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू लागले. पावसात रेंज नव्हती. "जाईल नंतर," म्हणाले. एवढ्यात पुण्याची गाडी आली, जादा इंजिनंही लागली. पण मुलीने तिकीट कर्जतचंच काढलं होतं आणि कॅशियर माझा हात सोडायला तयार नव्हते. "चला, परतीच्या लोकलने गप्पा मारत जाऊ." लोणावळ्यात मरायचा होता तो माणूस अशा रीतीने वाचला.

सोसायटीच्या जिन्यातच गलका ऐकू आला. वर जाऊन बघतो तर आमच्या दारात चेअरमन, वॉचमन, सुतार, मावशी, वरच्या मजल्यावरची पोरं आणि दोन पोलीस. झालं होतं असं की बायकोने फोन केला, मी उचलला नाही. पुन्हा केला, तरी नाही. तिने शेजारी फोन केला. शेजाऱ्यांनी बेल वाजवली. आत टीव्ही चालू, फोन वाजतोय आणि दार कुणी उघडत नाही. सत्तरीला टेकलेल्या माणसाच्या बाबतीत याचा एकच अर्थ निघतो. ज्या दोन गोष्टींनी मी घरी असल्याचं सिद्ध होणार होतं, त्याच दोन गोष्टींनी माझं दार फोडवलं. लॅच उखडून जमिनीवर पडला होता आणि आत टीव्हीवरची सासू अजून ओरडत होती.

पोलिसाच्या हातात माझा फोन होता. त्याने विचारलं, "कुठे होतात?"

अॅलिबाय या विषयावर मी कित्येक महिने विचार केला होता. एका हातात गळणारी छत्री, दुसऱ्या हातात तेलकट पुडकं. तोंडातून निघालं, "घरीच."

तेवढ्यात त्याच्या हातातला फोन टुणकन वाजला. रेंज आली होती. त्याने पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा पडद्याकडे. मागे पाटी होती, 'कर्जत'.

आणि इथे समोरच्या काकू पुढे झाल्या. या आमच्या सोसायटीच्या खजिनदार. सत्तरीच्या, नऊवारी नाही, साधी सुती पाचवारी, चष्मा कपाळावर. "अहो, 'घरीच' म्हणजे ते तसे घरीच असतात, रिटायर झाल्यापासून," त्या पोलिसाला म्हणाल्या. "मीच पाठवलं होतं कर्जतला. संध्याकाळी भिशीच्या बायका यायच्यात, वडे कर्जतचेच पाहिजेत हा हट्ट माझा. फोन विसरलेत हेही मला सांगून गेले. पण मी कुकर लावला होता, तिसऱ्या शिट्टीला डोक्यातून साफ गेलं बघा. माझंच चुकलं. तुम्हाला उगाच पावसात जिना चढायला लावला." असं म्हणत माझ्या हातातलं पुडकं घेऊन त्यांनी दोघा पोलिसांना एकेक वडा दिला, मग चेअरमनना, मग सुताराला. पाच मिनिटांत माझ्याविरुद्धचा मुद्देमाल खाऊन संपला. पोलीस काकूंना नमस्कार करून गेले.

संध्याकाळी भिशी नव्हती. आणि काकूंचा त्या दिवशी कडक उपास होता. कुकर लागायचा प्रश्नच नव्हता.

मी नंतर विचारलं, "काकू, इतकं सगळं सुचलं कसं?" त्यांना प्रश्नच कळला नाही. "सुचायचं काय त्यात? त्यांना जायचं होतं. जायला कारण दिलं."

त्या रात्री मला झोप आली नाही. काकूंनी योजना आखलेली नव्हती. दोष स्वतःवर घेतला होता. जो माणूस 'माझंच चुकलं' म्हणतो, त्याची उलटतपासणी कुणी करत नाही. शिट्टी तिसरी होती, ही कुणी न विचारलेली माहिती पुरवली होती. आणि समोरच्याला जे हवं होतं, तेच त्याच्या हातात ठेवलं होतं.

मग माझ्या डोक्यात 1987 चा तो माणूस आला. नाव मोनसिंग सांगणारा. मार्च महिन्यात त्याने मुंबईच्या वर्तमानपत्रात गुप्तचर अधिकारी नेमायचे आहेत अशी जाहिरात दिली, ताजमहाल हॉटेलात मुलाखती घेतल्या, निवडलेल्या उमेदवारांना घेऊन ऑपेरा हाऊसच्या एका नामांकित सराफी पेढीवर प्राप्तिकराची धाड घातली. दागिन्यांचे नमुने पिशव्यांत भरून सील केले आणि ते घेऊन तो निघून गेला. उमेदवार बिचारे साहेबांची वाट बघत दुकानातच बसून राहिले. आजतागायत तो सापडलेला नाही. 'स्पेशल 26' हा सिनेमा त्यावरूनच निघाला. या गृहस्थाने तिजोरी फोडली नाही, कुणाला दम दिला नाही. पोरांना सरकारी नोकरी हवी होती, ती त्याने दिली. पेढीवाल्यांना हवं होतं की साहेबांनी नीट तपासावं आणि लवकर जावं, तेही झालं. सील मात्र ठोकलं. माझ्या मते सगळी हुशारी त्या सीलमध्ये आहे. चोर सील कशाला ठोकेल?

'दृश्यम'मध्येही हेच नाही का? मूळ मल्याळम जीतू जोसेफ यांचा, 2013 चा. हिंदीत तो निशिकांत कामतांनी 2015 मध्ये गोव्यात नेला. त्यातला विजय साळगावकर केबलवाला आहे, शाळा चौथीतच सुटलेली, सिनेमे बघून शहाणा झालेला. तो एकाही साक्षीदाराला खोटं बोलायला लावत नाही. पणजीच्या सत्संगाला आम्ही कोणत्या तारखेला होतो, हे लोकांच्या मनात अलगद पेरतो. पुढे पोलिसांपुढे लोक शपथेवर सांगतात ते त्यांना स्वतःला खरंच वाटत असतं. तोही मंद हसत नाही. प्रेक्षक मात्र सिनेमाभर त्याच्या बाजूने श्वास रोखून बसतो, हे मी स्वतः पाहिलंय. आमच्या रांगेत एक निवृत्त पोलीस होते.

दुसऱ्या दिवशी काकू व्हाउचर घेऊन आल्या. लॅच आणि सुताराची मजुरी. "चेअरमननी फोडलंय, सोसायटीने भरायला नको का?" तपशिलात लिहिलं होतं : 'गच्चीच्या दाराची कडी – दुरुस्ती.'

"काकू, हे..."

"ती कडी वर्षभर मोडलेली आहे हे सगळ्यांना माहीत आहे. आता दुरुस्त झाली म्हणतील. पावसात गच्चीवर जातंय कोण बघायला? इथे सही करा."

बँकेच्या ऑडिटला तोंड देता देता केस पांढरे झालेला मी. सही केली. काकूंनी थँक्यू म्हणून माझ्यासाठी साबुदाण्याची खिचडी पाठवली.

मी राजाध्यक्षांना निवृत्त केलं. बुद्धिबळाचा पट, मारवा, कॉफी, सगळं त्यांच्याबरोबर गेलं. त्यांच्या जागी एक खजिनदार बाई आणली. जिच्याकडे अर्ध्या इमारतीच्या किल्ल्या आहेत आणि सिंकिंग फंडाचा हिशोब फक्त तिलाच लागतो. पॅट्रिशिया हायस्मिथबाईंचा 1955 मधला रिप्ली पुन्हा वाचून काढला. तो काही अलौकिक बुद्धीचा नाही. दर पावलाला घाबरतो, घाबरला की काहीतरी करून बसतो आणि ते निस्तरायला पुढचं करतो. माझ्या बाईलाही मी घाबरायला लावलं. फंडातले पैसे तिने नातवाच्या फीसाठी उचलले होते, मार्चपर्यंत परत ठेवणार होती आणि ऑडिटर फेब्रुवारीतच उगवला.

त्या दोन कपांचं मावशींना पुन्हा विचारलं. त्या म्हणाल्या, "ही बाई दोन्ही कप तसेच मोरीत ठेवेल. सकाळी मला स्वतःच सांगेल, कोण कोण येऊन बसतात रात्री, काय सांगू तुला. मग मला काय कळणार?" मी तसंच लिहिलं.

संपादकबाईंनी कथा घेतली. फोनवर विचारलं, "ही बाई कुठे भेटली तुम्हाला?" मी म्हटलं, "छे हो, मनातलीच आहे. ठेवू का? गॅसवर दूध ठेवलंय."

अंक निघाला आणि पत्रं आली. एकाने कळवलं की 1 जुलै 2024 पासून खुनाचं कलम 302 राहिलेलं नाही, भारतीय न्याय संहितेत ते 103 आहे. लेखकाने निदान एवढा तरी अभ्यास करावा. दुसऱ्याने कर्जतच्या फलाटाचा क्रमांक सुधारून पाठवला. तिसऱ्याला वड्याचा भाव पटला नव्हता. सुती साडीतली, चष्मा कपाळावर ठेवणारी खजिनदार बाई ऑडिटरला चहातून मारू शकते का, अशी शंका एकाही वाचकाला आली नाही. उलट कोथरूडच्या एका वाचकाने जरा तावातावानेच विचारलं की आमच्या सोसायटीतली गोष्ट तुम्हाला कुणी सांगितली.

काकूंनीही अंक वाचायला नेला. परत करताना म्हणाल्या, "छान आहे हो. पण शेवटी तिला पकडलंत ते काही पटलं नाही. तिच्याविरुद्ध पुरावा काय आहे?"

मी कथा पुन्हा काढून शेवटची पानं नीट वाचली. खरंच काही नव्हता.